आजोबा स्पष्ट, नातवंडं फिकट : कृष्णधवल चित्रांची गोष्ट

‘कृष्णधवल चित्रांचं आकर्षण’ असा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की आता तासभर जुन्या सिनेमांच्या आठवणी निघणार. थोड्या निघतीलही. पण आपण बसलोय रसायनीत, आणि ज्या गावाचं नावच रसायनावरून पडलं तिथे सुरुवात रसायनापासून करायला हवी.

घरातला जुना अल्बम डोळ्यांसमोर आणा. साधारण १९६५ सालचा आजोबांचा फोटो. खुर्चीत बसलेले, हात मांडीवर, धोतराच्या निऱ्या आजही मोजता येतात. आता चार पानं पुढे या. १९८५ च्या आसपासचं लग्न, रंगीत फोटो. त्या काळी तो कौतुकाने चार घरांत फिरला होता. आज त्यात अख्खं वऱ्हाड तांबूस झालंय, मांडव तांबूस, श्रीखंडसुद्धा तांबूस, आणि शालू हिरवा होता हे काकूंना सांगावं लागतं. म्हणजे आजोबा स्पष्ट आणि नातवंडं फिकट! काळाचा नेहमीचा हिशेब इथे उलटा कसा झाला?

उत्तर सोपं आहे. आजोबांचा फोटो चांदीचा आहे. अतिशयोक्ती नाही ही. कृष्णधवल कागदावर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. प्रकाश पडला की त्यांच्यात न दिसणारा बदल होतो, डेव्हलपरमध्ये बुडवलं की त्या कणांची चांदी होते, आणि इतक्या बारीक स्वरूपातली चांदी काळी दिसते. उरलेले क्षार हायपोने धुऊन काढायचे. हायपो हे क्षार विरघळवतो, हे जॉन हर्शेलने १८१९ मध्येच दाखवलं होतं, फोटोग्राफीचा जन्म व्हायच्याही आधी. शेवटी कागदावर उरतो तो धातू. रंगीत फोटोत चांदी मधल्या टप्प्यात काम करते आणि मग काढून टाकली जाते. मागे राहतात ती सेंद्रिय रंगद्रव्यं. ती उडतात, आणि तिन्ही सारख्या वेगाने उडत नाहीत. जुन्या रंगीत सिनेमाच्या प्रतींत निळसर द्रव्य आधी गेलं, म्हणून त्या लालसर झाल्या. जुनं ते सोनं म्हणतात, इथे जुनं ते चांदी.

आता यात रसायनीचं काय, असं विचाराल. हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स, आपली एचओसी, १९६० ची. इथे नायट्रोबेंझिनपासून ॲनिलीन व्हायचं, नायट्रिक ॲसिड व्हायचं. ॲनिलीनचं ऑक्सिडीकरण करून क्विनोन, आणि त्यापासून हायड्रोक्विनोन, हा जुना औद्योगिक मार्ग. आणि हायड्रोक्विनोन म्हणजे कृष्णधवल डेव्हलपरचा कणा. नायट्रिक ॲसिडमध्ये चांदी विरघळली की सिल्व्हर नायट्रेट मिळतं, फोटोग्राफीचं मूळ द्रव्य. गंमत पुढे आहे. रंगीत फोटोचे डेव्हलपरही ॲनिलीनच्याच भाऊबंदांपैकी. टिकणारं आणि उडणारं, दोन्ही चित्रं एकाच कुळातली! हे नातं कुठल्या कंपनीच्या हिशेबवहीतलं नाही, प्रयोगशाळेतलं आहे, पण इथे ज्यांनी आयुष्य काढलं त्यांना ते चटकन पटेल. त्याच १९६० साली सरकारने आणखी एक कंपनी काढली, उटीची हिंदुस्तान फोटो फिल्म्स. १९६७ पासून तिथे ‘इंदू’ नावाची कृष्णधवल फिल्म बनू लागली. दोन सरकारी बहिणी एका वर्षाच्या. एक पाताळगंगेकाठी, एक निलगिरीत. दोघींची गोष्ट कुठे संपली हे आपल्याला माहीत आहे. त्याकडे शेवटी येऊ.

पण कृष्णधवल चित्र या भागात एचओसीच्या शंभर वर्षं आधी आलं होतं. इथून कर्जत फार दूर नाही. कर्जतच्या पुढे पळसदरी, आणि तिथून खंडाळ्यापर्यंत बोरघाटाची चढण. या रेल्वेमार्गाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६३ मध्ये गाडी वर गेली. सुमारे २५ किलोमीटरमध्ये १८३१ फुटांची चढण, २५ बोगदे. जानेवारी १८६१ मध्ये या घाटात ४२ हजार माणसं राबत होती. पहिल्या ठेकेदाराने काम सोडलं, दुसरा सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला, आणि ठेका त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, आपल्याकडे घेतला. ॲडमसन आणि क्लाउझर हे दोन इंजिनिअर नेमून काम पार पाडलं. आणि या बाईंनी घाटाच्या कामाचे फोटो काढले.

तो काळ ओल्या काचेचा. काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा, चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत डेव्हलप करायची. म्हणजे डोंगरात, उन्हात, काळोखा तंबू जवळ हवाच. हे कोलोडियन पुन्हा नायट्रिक ॲसिडच्या घरचं, कारण ते नायट्रो केलेल्या कापसापासून होतं. असल्या काचेला प्रकाश पुष्कळ वेळ द्यावा लागे. दगड, कमानी, बोगद्याची तोंडं हलत नाहीत, ती काटेकोर उमटतात. माणूस हलतो. जो स्थिर उभा राहिला तो उमटला, जो पाटी घेऊन चालत राहिला तो धुरासारखा झाला किंवा उमटलाच नाही.

इथे थोडं थांबू, कारण कृष्णधवलच्या मोहाची धोक्याची बाजू इथेच आहे. ही चित्रं पाहून मन शांत होतं. काय भव्य कमान, काय निवांत दरी! प्रत्यक्षात तिथे सुरुंग फुटत होते, पटकी होती, मजुरी थकल्याने १८५९ च्या सुरुवातीला दंगा झाला होता. काळ्या-पांढऱ्यात घाम दिसत नाही, रक्त आणि चिखल एकाच रंगाचे होतात. जुनं चित्र सुंदर दिसतं म्हणून जुना काळ सुंदर होता, असं आपलं मन फार लवकर ठरवतं. ४२ हजारांपैकी किती जण त्या काचांवर उमटले, हा प्रश्न फोटो कधी स्वतःहून विचारत नाही. तो आपण विचारायचा असतो.

घाट चढून वर गेलो की लोणावळा. इथे १९०८ मध्ये एका माणसाने छपाईचा कारखाना काढला, फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स. जवळच मळवलीला राजा रविवर्म्याच्या चित्रांचा छापखाना होता, त्याचीही कामं फाळके करत. १९०९ मध्ये रंगीत छपाई शिकायला, यंत्रं आणायला ते जर्मनीला गेले. म्हणजे दादासाहेब फाळके मुळात रंगाचे कारागीर! त्याच माणसाने १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ केला तो रंगाशिवाय. घरोघरच्या भिंतींवर रविवर्म्याचे रंगीत देव असताना लोकांनी पडद्यावरचे बिनरंगी देव हात जोडून स्वीकारले. आम्हाला वाटतं, कारण ते हलत होते. रंगाची उणीव हालचालीने भरून निघाली, आणि उरलीसुरली प्रेक्षकाने.

प्रेक्षकाने भरून काढणं म्हणजे काय, याचं आपल्याकडचं सर्वांत चांगलं उदाहरण प्रभातचं. १९३३ मध्ये प्रभातने ‘सैरंध्री’ रंगीत करायचं धाडस केलं. फिल्मवरची प्रक्रिया आणि प्रती जर्मनीत करून घेतल्या. रंग काही साधले नाहीत. पदरमोड झाली, हसं झालं. दुसरा एखादा खचला असता. प्रभात मुकाट्याने काळ्या-पांढऱ्याकडे परतलं आणि पुढच्या सहा वर्षांत ‘अमृतमंथन’, ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’ दिले. ‘संत तुकाराम’ची १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणणी झाली. या लोकांच्या पाठीशी कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांची शाळा होती, फत्तेलाल स्वतः चित्रकार होते. रंग नसला तर उजेड कुठून येतो आणि सावली कुठे पडते एवढंच हातात उरतं, आणि ते त्यांना चांगलं येत होतं.

आता ‘कुंकू’ हे नाव बघा. १९३७ चा शांतारामबापूंचा सिनेमा, ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरचा. ज्या वस्तूचा सगळा अर्थ तिच्या लाल रंगात आहे, तिचं नाव सिनेमाला दिलं, आणि सिनेमात लाल रंगच नाही! शांता आपट्यांच्या कपाळावर दिसतो तो एक काळसर ठिपका. पण तो लाल नव्हता असं सांगणारा प्रेक्षक आम्हाला अजून भेटलेला नाही. तो लाल प्रेक्षकाने घरून आणला, आपल्या आईच्या, बहिणीच्या कपाळावरचा. तयार लाल दाखवला असता तर तो एका नटीच्या कपाळावरचा लाल झाला असता. आमच्या मते कृष्णधवलचं बळ म्हणतात ते हेच. चित्र अर्धं काम करतं आणि उरलेलं अर्धं तुमच्याकडून करून घेतं. जे काम आपण केलं ते आपलं वाटतं.

सत्तरच्या दशकात रंग सहज मिळू लागला होता. १९७२ चा ‘पिंजरा’ रंगीत. तरी १९७४ चा ‘सामना’ आणि १९७९ चा ‘सिंहासन’ हे जब्बार पटेलांचे दोन्ही सिनेमे काळे-पांढरे. काळी-पांढरी फिल्म स्वस्त होती हे कारण आहेच, ते झाकायचं कारण नाही. पण दुसरंही एक आहे. त्या काळात बातमी काळी-पांढरी असे. रोजचं वर्तमानपत्र तसं, सिनेमाआधीची फिल्म्स डिव्हिजनची न्यूजरील तशी, आणि १९७२ पासून मुंबई दूरदर्शनही तसंच. काही घरांत टीव्हीपुढे रंगीत प्लास्टिक लावून समाधान मानायचे, ते सोडा. साखर कारखान्यातलं राजकारण, मंत्रालयातलं राजकारण रंगीत दाखवलं असतं तर ते नाटक वाटलं असतं. काळ्या-पांढऱ्यात ते छापून आल्यासारखं वाटलं. ‘सिंहासन’मधला दिगू टिपणीस पत्रकार आहे, आणि सगळा सिनेमाच त्याच्या वर्तमानपत्राच्या रंगाचा आहे.

चांदी टिकते असं म्हणालो, पण चित्र टिकतंच असं नाही. धातू टिकला तरी ज्यावर तो बसवला ती पट्टी टिकायला हवी. जुनी सिनेमाची फिल्म नायट्रेटची, पुन्हा तेच नायट्रिक ॲसिड, आणि ती भयंकर ज्वालाग्राही. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात, प्रभातच्याच जुन्या आवारात ठेवलेला नायट्रेट फिल्मचा साठा जळाला. बऱ्याच सिनेमांच्या प्रती सुरक्षित फिल्मवर आधी उतरवल्या होत्या म्हणून निभावलं. आणि जे जळालं नाही ते लोकांनी विकलं. फिल्ममधली चांदी काढून घेता येते, म्हणून जुनी रिळं भंगारात गेली. १९३१ च्या ‘आलम आरा’ची, आपल्या पहिल्या बोलपटाची, एकही प्रत आज नाही. ज्या चांदीमुळे चित्र टिकलं असतं त्याच चांदीसाठी ते मोडलं. मूकपट हजाराच्या वर निघाले, उरले फार थोडे. जे उरले त्यातलं पुष्कळसं श्रेय पी. के. नायर यांचं. १९६४ मध्ये स्थापन झालेलं पुण्याचं फिल्म संग्रहालय त्यांनी उभं केलं आणि फाळक्यांची रिळं दारोदार शोधून आणली.

आता आपल्याकडे. २०१७ मध्ये केंद्र सरकारने एचओसीचे रसायनीतले कारखाने बंद करायचा निर्णय घेतला. अग्निबाणाच्या इंधनासाठी लागणाऱ्या डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडचा एक प्रकल्प तेवढा इस्रोकडे गेला. उटीची ‘इंदू’ही बंद झाली. कॉलनीतली किती तरी कुटुंबं पांगली, कुणी पनवेलला, कुणी पुण्याला, कुणी गावी. म्हणजे या वसाहतीचं दैनंदिन जगणं आता मुख्यतः लोकांच्या अल्बमांत आहे. कॉलनीतला गणपती, शाळेचं स्नेहसंमेलन, पहिल्या स्कूटरशेजारी उभे वडील, आग्फा क्लिक थ्रीवर एका रोलात बारा काढलेले.

यातले सत्तरच्या दशकातले फोटो चांदीचे आहेत, ते थांबतील. घाई आहे ती ऐंशी-नव्वदच्या रंगीत फोटोंची. ते आधी स्कॅन करा, वर्षभर थांबू नका. चिकट पानांचे, वरून प्लास्टिक असलेले अल्बम असतील तर फोटो त्यातून हळूच बाहेर काढा, तो डिंक फोटो खातो. निगेटिव्ह टाकू नका. स्टुडिओच्या पाकिटात तपकिरी पट्ट्या सापडल्या की कचरा समजून फेकतात, खरी वस्तू तीच. इथला पावसाळा आपण जाणतोच, म्हणून लोखंडी ट्रंकेत तळाशी ठेवू नका, बुरशी धरते. आणि प्रत्येक फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहा, बॉलपेनने नको, दाब पुढे उमटतो. पुढे कोण, मागे कोण, क्वार्टर कुठलं, साल अंदाजे. शेजारी उभ्या असलेल्या कंत्राटी कामगाराचं नावही लिहा. ते सांगू शकणारी माणसं आज सत्तरी-ऐंशीची आहेत, आणि त्यांतली काही समोर बसली आहेत.