कॉलेजातलं मत

सी.आर., एल.आर., यू.आर. ही अक्षरं आजच्या कॉलेजातल्या मुलांना सांगितली, तर त्यातलं सी.आर. तेवढं ओळखीचं वाटतं. आम्ही 1980 च्या दशकात शिकत होतो, तेव्हा पावसाळ्यातलं सगळं कॉलेज या पदांभोवती फिरायचं. वर्ग आपला सी.आर. म्हणजे वर्गप्रतिनिधी निवडायचा, मुली एल.आर. म्हणजे विद्यार्थिनी प्रतिनिधी निवडायच्या, सगळं कॉलेज मिळून यू.आर. म्हणजे विद्यापीठ प्रतिनिधी निवडायचं आणि कॉलेजाकॉलेजांचे यू.आर. एकत्र येऊन विद्यापीठाच्या विद्यार्थी मंडळाचा अध्यक्ष ठरवायचे. महाराष्ट्रातल्या कितीतरी पुढाऱ्यांनी भाषणाचे पहिले धडे अशाच निवडणुकांत गिरवले.

मी एल.आर.साठी उभी राहिले, कारण आमच्या मुलींच्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. प्रचार म्हणजे सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं, गेरूने रंगवलेल्या भिंती आणि प्रत्येक वर्गात जाऊन केलेलं दोन मिनिटांचं भाषण. हजेरी घेण्याआधी सर ती दोन मिनिटं द्यायचे. तालुक्याच्या गावातल्या मुलीने भरल्या वर्गासमोर उभं राहून ‘मला मत द्या’ म्हणणं आणि मागच्या बाकावरून आलेल्या प्रश्नाला उत्तर देणं, ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती. कडी बसली. मागणी करायची, ती लावून धरायची आणि तडीस न्यायची, हे मी तिथे शिकले. पुढे राज्यशास्त्र शिकवताना तेच माझ्या कामी आलं.

पण त्या निवडणुकांची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. अध्यक्षपदाचं मतदान जवळ आलं की निवडून आलेले यू.आर. गावातून नाहीसे व्हायचे. जीपमध्ये घालून त्यांना लांब कुठेतरी ठेवायचे आणि मतदानाच्या दिवशी थेट विद्यापीठात उतरवायचे. काही खुशीने जायचे, काही धाकाने. हॉकी स्टिक आणि सायकलची चेन खेळासाठी नि सायकलसाठीच बाहेर निघते, असं त्या दिवसांत कुणी मानत नसे. बऱ्याच मुलींना वडील मतदानाच्या दिवशी घरीच ठेवायचे. म्हणजे जिला मताची सर्वांत जास्त गरज, तिचंच मत भीतीपोटी बुडायचं.

1989 मध्ये मुंबईत विद्यार्थी निवडणुकांच्या काळात ओवेन डिसोझा या एनएसयूआय ह्या काँग्रेसच्या विद्यार्थी संघटनेच्या तरुण कार्यकर्त्याचा खून झाला. राज्य हादरलं आणि या निवडणुका नकोतच, असं मत बळावत गेलं. त्याच वर्षी 61व्या घटनादुरुस्तीने मतदानाचं वय 21 वरून 18 वर आलं होतं. पाच वर्षांनी, 1994 च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने कॉलेजातलं थेट मतदान बंद केलं. अठरा वर्षांच्या मुलीला आमदार निवडता येत होता, वर्गाचा प्रतिनिधी मात्र नाही.

नव्या पद्धतीत आधीच्या परीक्षेत सर्वाधिक गुण मिळवणारा विद्यार्थी वर्गाचा प्रतिनिधी झाला. त्याच्या जोडीला खेळ, एनसीसी, एनएसएस, सांस्कृतिक कार्यक्रम यांतले नेमलेले विद्यार्थी. मी तोवर शिकवू लागले होते. मारामाऱ्या ओसरल्या, पालकांचा जीव भांड्यात पडला, हे मी मनापासून मान्य करते. जीव वाचणं ही कुठल्याही पदापेक्षा मोठी गोष्ट आहे. पण हे हुशार प्रतिनिधी बैठकीत गप्प बसत. त्यांना कुणी निवडून दिलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी काय मागितलं हे विचारायलाही कुणी येत नसे. फी, वसतिगृह, निकालातला गोंधळ हे प्रश्न मग फाटकाबाहेरच्या संघटनांकडे गेले. मोर्चे आणि घेराव चालूच राहिले. वर्गाने निवडलेला आणि वर्गाला बांधील असलेला माणूस मात्र बोलणी करायला उरला नाही.

दुसरा मार्ग होता. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने 2006 मध्ये तो दाखवला. खर्चाची मर्यादा 5,000 रुपये, उमेदवाराला 75 टक्के हजेरी आणि वयाची अट, गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या उमेदवाराला बंदी, छापील पोस्टरना मनाई, सगळी प्रक्रिया दहा दिवसांत पूर्ण. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उज्जैनच्या माधव कॉलेजात विद्यार्थी निवडणुकीवरून झालेल्या हल्ल्यात प्रा. एच. एस. सभरवाल यांचा मृत्यू झाला. देशभर संताप होता. तरीही सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका बंद करायला सांगितलं नाही. समितीच्या शिफारशी अमलात आणायला सांगितलं.

महाराष्ट्रानेही 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात थेट निवडणूक परत आणली. 2019 मध्ये ती घ्यायचं ठरलं, विधानसभेच्या निवडणुकीमुळे ती पुढे ढकलली गेली, पाठोपाठ कोविड आला आणि ती राहूनच गेली.

निवडणुकीची भीती खरी आहे. मी ती जवळून पाहिली आहे. पण तिच्यावर इलाज करता येतो. वर्गातच मतदान, त्याच दिवशी मोजणी, बाहेरच्या माणसाला फाटकात बंदी आणि दांडगाई करणाऱ्याची उमेदवारी तत्काळ रद्द: यातलं काहीच कॉलेजच्या आवाक्याबाहेरचं नाही. मतदानाच्या दिवशी मुलीला घरी ठेवावं असं एकाही बापाला वाटू नये, एवढी व्यवस्था करणं हे कॉलेजचं काम आहे. ते अवघड आहे म्हणून तिचं मतच काढून घेण्याचा अधिकार कॉलेजला नाही.