आनेकलचा पाहुणा

ग्रंथ माणसाला घडवितात, हे आपण शाळेपासून इतक्या वेळा ऐकलेले असते की, ज्यांना ग्रंथाचा विटाळही झाला नाही अशा कर्त्या पुरुषांना कोणी घडविले, हे विचारण्याचे आपल्या मनात येत नाही. बेंगळूरच्या दक्षिणेस, तमिळ मुलखाच्या वेशीवर असलेल्या आनेकलच्या इतिहासात शिरणाऱ्यास मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. सुगटूर घराण्याच्या पाळेगारांचे हे ठाणे. एरवी बखरकाराने दोन ओळींत आटोपावे एवढाच त्याचा लौकिक. परंतु 1760 च्या ऑगस्टात, श्रीरंगपट्टणाहून रातोरात निसटलेला हैदर अली थोडक्या स्वारांनिशी पाऊणशे मैलांची दौड मारून याच किल्ल्याच्या आश्रयास आला. किल्लेदार इस्माईल अली हा त्याचा मेहुणा. त्यालाच तडक पुढे पिटाळून हैदराने बेंगळूरचा किल्ला हातचा जाऊ दिला नाही, आणि तेवढ्यावर पुढचे म्हैसूरचे राजकारण तरले.

तो पळत होता तो कोणा परकी फौजेपुढून नव्हे, तर आपल्याच कारभाऱ्यापुढून. खंडेराव हा मराठी ब्राह्मण, हैदराच्या जमाखर्चाचा व पत्रव्यवहाराचा धनी. त्याने म्हैसूरच्या राजघराण्याशी संधान बांधून आणि विसाजी कृष्ण बिनीवाले यांच्या मराठी फौजेला हाताशी धरून धन्यावरच बाजू उलटविली. धन्याला तर अक्षरओळख नव्हती. सहीपुरते नावाचे आद्याक्षर त्याने कसेबसे गिरविले होते, आणि तेही उलटे उमटे, असे कर्नल विल्क्स लिहितो. विल्क्स म्हैसूरचा इंग्रज रेसिडेंट, विजेत्यांच्या पक्षाचा. त्याचा शब्द पारखूनच घ्यावा लागतो. तथापि हिंदुस्थानी, कानडी, मराठी, तेलुगू व तमिळ या पाच भाषा हैदर सफाईने बोले, हे त्यानेच नमूद केले आहे. आलेली पत्रे चिटणिसांकरवी वाचवून घ्यावी, जबाब तोंडी सांगावे, आणि सांगितलेले बरोबर उतरले की नाही हे ऐकून ताडावे, असा त्याचा क्रम. ज्याला कागदावर विसंबता येत नाही त्याला कागद वाचणाऱ्याच्या मुद्रेवर विसंबावे लागते, आणि ही विद्या कोणत्याही पाठशाळेत शिकवीत नाहीत.

पुढच्याच वर्षी तिचा प्रत्यय आला. फौजेच्या बळावर हैदर खंडेरावास पुरा पडेना, तेव्हा त्याने म्हैसूरचा जुना सर्वाधिकारी नंजराज यास पुढे करून, त्याच्या मोहोरेची पत्रे खंडेरावाच्या मुख्य सरदारांच्या नावे लिहवून घेतली. त्यांतला मजकूर असा की, खंडेरावास धरून देण्याचा ठराव जणू त्या सरदारांशी आधीच झाला आहे. पत्रे खंडेरावाच्याच हाती पडतील, अशी तजवीज अर्थातच होती. खंडेरावाने ती वाचली, मोहोर ओळखली, आणि सरदारांना एक शब्द न विचारता घोड्यावर बसून तो छावणीतून निघून गेला. नायक गेल्यावर फौजेचे जे व्हावयाचे ते झाले. उभा जन्म दफ्तरात घालविलेल्या या पुरुषाचा लेखावर विश्वास किती होता, हे त्या निरक्षराने अचूक हेरले होते. पुढे खंडेराव हाती लागला तेव्हा, त्याला पोपटासारखे जपेन, हे राजस्त्रियांना दिलेले वचन हैदराने लोखंडी पिंजरा करवून आणि दूधभात घालून अक्षरशः पाळले, अशी कथा विल्क्सने दिली आहे.

मुलगा मात्र विद्वान करावा, असे याच बापास वाटले. टिपूने नवी कालगणना बसविली, गावांची नावे पालटली, लष्करी कवायतीवर ‘फतह-उल-मुजाहिदीन’ नावाचा ग्रंथ लिहविला. 1799 च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडल्यावर त्याच्या संग्रहात दोन हजारांच्या आसपास पोथ्या निघाल्या. चार्ल्स स्टुअर्ट याने 1809 मध्ये त्यांची यादी छापली. बापाने ऐकून राज्य कमावले आणि मुलाने वाचून घालविले, असा सोपा निवाडा यावरून करणारे पुष्कळ आहेत. मला तो मान्य नाही. 1790 नंतर इंग्रज, निजाम आणि मराठे एकवटून टिपूवर चालून आले. त्या तिघांपुढे हैदराची कानावरची हुशारी कितपत पुरी पडली असती, कोणास ठाऊक!

शिवाय तो संग्रह ज्याला आपण वाचकाचा म्हणतो त्या अर्थाने टिपूचा होता काय, हीच शंका आहे. स्टुअर्टच्या म्हणण्याप्रमाणे त्यांतली फारच थोडी पुस्तके बापलेकांनी विकत घेतलेली होती. बाकीची सावनूर, कडप्पा आणि कर्नाटक येथील लुटीत आलेली. दुसऱ्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हाताळलेल्या त्या पोथ्यांपैकी टिपूने कोणत्या वाचल्या, हे यादीवरून कळावयाचे नाही. त्याच्या मनाचा ठाव घेणाऱ्याने त्या यादीपेक्षा, शयनगृहात सापडलेली त्याची सदतीस स्वप्नांची वही उघडावी. ती त्याने स्वहस्ते लिहिलेली आहे.