रोलर कोस्टरचा लूप पूर्ण गोल का नसतो? रुळांकडे बघून ओळखता येणाऱ्या गोष्टी

चैत्रात डहाणूजवळ विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरते. वाढवण, डहाणू, तलासरीकडच्या अनेक मुलांनी पहिला आकाशपाळणा तिथेच पाहिलेला असतो. आकाशपाळणा एका वर्तुळात फिरतो, त्यामुळे तो कसा चालतो हे बघूनच कळतं. रोलर कोस्टरचे रूळ मात्र कसेही वाकवल्यासारखे दिसतात. खरं तर त्यातलं प्रत्येक वळण हिशोब करून ठरवलेलं असतं, आणि तो हिशोब बसणाऱ्याच्या मानेपासून सुरू होतो.

महाराष्ट्रात हे बघायचं तर रायगड जिल्ह्यात, खोपोली-पाली रस्त्यावरच्या इमॅजिकामध्ये. हे पार्क एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालं. तिथला 'नायट्रो' हा कोस्टर बोलिजर अँड माबिलार्ड या स्विस कंपनीचा आहे. उंची सुमारे ४० मीटर, म्हणजे साधारण तेरा मजली इमारतीएवढी. एका फेरीत तो बसणाऱ्याला पाच वेळा उलटा करतो. डब्याला तळ नसल्याने पाय मोकळे लोंबकळतात.

इंजिन कुठे असतं?

अशा कोस्टरच्या गाडीला इंजिन नसतं. साखळी गाडीला पहिल्या चढावर ओढून नेते आणि सोडून देते. पुढची सगळी धाव त्या उंचीच्या जोरावर होते. घर्षण सोडून दिलं, तर ४० मीटर खाली येताना वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास जातो. घर्षणामुळे ही ताकद सतत खर्च होत असते. म्हणून सुरुवातीचे चढ आणि लूप मोठे असतात, शेवटचे छोटे.

चढताना काही कोस्टरवर खट-खट आवाज येतो. रुळांमध्ये दातेरी पट्टी असते आणि गाडीखालचा लोखंडी खटका एकेका दात्यावर पडत जातो. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये, यासाठी ही सोय असते.

लूपचा आकार थेंबासारखा का?

१८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 'फ्लिप फ्लॅप रेल्वे' नावाचा कोस्टर होता. त्याचा लूप जवळजवळ गोल होता. त्यात बसलेल्यांच्या मानेला जोरदार झटका बसायचा.

कारण साधं आहे. लूपमध्ये गाडीचा सर्वांत जास्त वेग तळाशी असतो. वरच्या टोकाला गाडी जेमतेम रुळाला टेकून राहील एवढाच वेग ठेवला, तरी पूर्ण गोल लूपच्या तळाशी बसणाऱ्याला आपल्या वजनाच्या सहापट भार जाणवतो. म्हणजे ६० किलोच्या माणसाला आपण ३६० किलोंचे झाल्यासारखं वाटतं. शिवाय सपाट रुळावरून गोलात शिरताच हा भार एकदम येतो. मानेला सावरायला वेळच मिळत नाही.

यावर उपाय रेल्वेकडे आधीपासून होता. रेल्वेमार्ग सरळ भागातून एकदम वळणात शिरत नाही. मध्ये थोडं अंतर वळण हळूहळू वाढत जातं. अशाच एका वक्राला 'क्लोथॉइड' म्हणतात. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन पार्कमधल्या 'रिव्होल्यूशन' कोस्टरच्या लूपसाठी अभियंता वेर्नर श्टेंगेल यांनी तो वापरला. वेग जास्त असतो तिथे, म्हणजे खाली, वळण मोठं आणि सैल ठेवलं. वेग कमी होतो तिथे, म्हणजे वर, ते लहान आणि घट्ट केलं. त्यामुळे लूप उलट्या थेंबासारखा दिसतो.

रूळ मध्येच पिळल्यासारखे का दिसतात?

जिथे गाडी स्वतःभोवती गिरकी घेते, तिथे दोन्ही रूळ दोरीसारखे पिळलेले दिसतात. गाडी रुळाभोवती फिरली, तर डोकं मोठ्या वर्तुळात फेकलं जाईल. म्हणून अनेक कोस्टरमध्ये आधी बसणाऱ्याच्या छातीतून जाणारी रेषा आखतात आणि रूळ तिच्याभोवती फिरवतात. तिला 'हार्टलाइन' म्हणतात.

गाडी रुळावरून सुटत का नाही?

लोकलची चाकं फक्त रुळाच्या वर असतात. कोस्टरच्या गाडीला तीन प्रकारची चाकं असतात: वरून भार घेणारी, बाजूने धरणारी आणि रुळाच्या खालून अडकणारी. उलटं झाल्यावरही गाडी रुळाला धरून राहते ती यामुळे.

रूळही लोकलसारखे नसतात. बोलिजर अँड माबिलार्डच्या कोस्टरमध्ये मध्ये चौकोनी पोकळ कणा आणि त्यावर दोन जाड नळ्या असतात. याचे तुकडे कारखान्यात आधीच वाकवून तयार करतात. जागेवर क्रेनने उचलून ते बोल्टने जोडतात. पोकळ कणा ढोलासारखा घुमतो, म्हणून गाडी जाताना मोठा घरघराट होतो. आवाज कमी करायला काही ठिकाणी कण्यात वाळू भरतात.

'कोस्टर हवेत अडकला' हा व्हिडिओ खरा असतो का?

असा व्हिडिओ आला की लोक लगेच 'अपघात' लिहून पुढे पाठवतात. थांबण्याचं कारण प्रत्येक वेळी वेगळं असू शकतं, पण गाडी चढावर थांबली म्हणजे अपघात झालाच असं नाही.

डहाणू-विरार मार्गावर पुढच्या टप्प्यात गाडी असेल तर मागच्या गाडीला लाल सिग्नल मिळतो. एकापेक्षा जास्त गाड्या धावणाऱ्या कोस्टरचा मार्गही असाच टप्प्यांत विभागलेला असतो. पुढचा टप्पा मोकळा नसेल किंवा एखाद्या सेन्सरने चुकीची नोंद दिली, तर यंत्रणा गाडीला अलीकडेच थांबवते. चढ ही त्यासाठी सोयीची जागा. तिथे साखळी बंद केली की गाडी जागेवर उभी राहते. अशा वेळी सुरक्षेची यंत्रणा आपलं काम करत असते.

बसणाऱ्याच्या हातात दोन गोष्टी असतात. उंचीची अट पाळायची, कारण अडसर ठरावीक उंचीच्या शरीराला धरण्यासाठी बनवलेला असतो. आणि कर्मचाऱ्याने तो अडसर स्वतः ओढून तपासला का, हे बघायचं. ही दुसरी सवय यात्रेतल्या पाळण्यात बसतानाही तितकीच उपयोगी आहे. तपासलं नसेल, तर पाळणा सुरू होण्याआधीच तसं सांगा.