त्रिकोण आणि कैद : मस्तानी-प्रकरणाच्या कथानकीकरणाचा विचार

१

संजय लीला भन्साळी यांचा ‘बाजीराव मस्तानी’ हा चित्रपट १८ डिसेंबर २०१५ रोजी प्रदर्शित झाला. त्याआधी महाराष्ट्रात त्याविषयी जो वाद झाला तो मुख्यतः ‘पिंगा’ या एका गाण्याभोवती केंद्रित झाला होता. या गाण्यात काशीबाई आणि मस्तानी एकत्र नृत्य करतात. पेशव्यांच्या घरातील कुलस्त्री अशी चारचौघींत नाचेल काय, हा आक्षेप पेशव्यांच्या वंशजांनी घेतला, वृत्तपत्रांनी तो उचलून धरला आणि पुण्यात चित्रपटाचे काही खेळ रद्द करावे लागले. मस्तानीला पेशव्यांच्या कुटुंबीयांनी कैदेत ठेवले होते, हेही त्याच चित्रपटात विस्ताराने दाखविलेले आहे. त्याविषयी मात्र आक्षेपकांनी आणि समर्थकांनी फारसे काही म्हटले नाही. नृत्य हा कुळाला कलंक वाटला. कैद ही कथेतील एक करुण घटना म्हणून स्वीकारली गेली.

असे का व्हावे? याचे उत्तर प्रेक्षकांच्या नीतिकल्पनांत शोधता येईल, आणि ते काही प्रमाणात खरेही असेल. परंतु प्रस्तुत लेखात हा प्रश्न कथनरूपाचा म्हणून विचारात घ्यावयाचा आहे. बाजीराव, काशीबाई आणि मस्तानी यांचा ‘प्रेमत्रिकोण’ आपल्याला इतका परिचित झाला आहे की तो इतिहासातच होता असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः त्रिकोण ही कथानकाची एक आकृती आहे. ती कोणत्या सामग्रीवर बसविली गेली, आणि बसविताना त्या सामग्रीतील काय आकृतीबाहेर पडले, हे पाहिल्यास वरील प्रश्नाचा उलगडा होण्यास मदत होईल.

२

या प्रकरणाची मूळ साधने म्हणजे पेशवे दप्तरातील कौटुंबिक पत्रव्यवहार. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तराचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. त्यांतील नववा खंड बाजीराव आणि त्यांच्या कुटुंबाविषयीचा आहे. मस्तानीविषयी तोवर बखरी, आख्यायिका आणि लोकप्रवाद यांच्या आधारे जे बोलले जाई, त्याला या पत्रांनी प्रथमच तारीखवार चौकट दिली.

ही चौकट आपल्या परिसराशी निगडित आहे. १७२८ मध्ये पालखेडला, म्हणजे आजच्या वैजापूर तालुक्यात, बाजीरावांनी निजामाची कोंडी केली आणि मुंगी-शेवगावचा तह घडवून आणला, हे शालेय पुस्तकांतूनही सांगितले जाते. परंतु बाजीरावांची अखेरची मोहीमही याच प्रदेशात झाली. निजाम उत्तरेत असताना त्याचा मुलगा नासिरजंग दक्षिणेचा कारभार पाहत होता. १७४० च्या जानेवारी-फेब्रुवारीत औरंगाबादच्या आसपास आणि गोदावरीच्या काठी त्याच्याशी बाजीरावांची झुंज चालू होती. फेब्रुवारीच्या अखेरीस मुंगी-पैठणला तह झाला आणि हंडिया व खरगोण हे नेमाडातील परगणे मराठ्यांकडे आले.

नेमक्या याच आठवड्यांत पुण्यात दोन गोष्टी घडल्या. जानेवारीच्या अखेरीस नानासाहेबांनी मस्तानीला अटकेत ठेवले. फेब्रुवारीच्या प्रारंभी रघुनाथरावांची मुंज आणि सदाशिवरावांचे लग्न ही दोन मंगलकार्ये उरकण्यात आली. ज्यांचा मुलगा आणि ज्यांचा पुतण्या ते बाजीराव तेव्हा मोहिमेवर होते. मस्तानीशी असलेल्या संबंधामुळे बाजीराव कार्यास उपस्थित राहिल्यास ब्रह्मवृंद सहभागी होणार नाही, अशी अडचण उभी राहिली होती. या दोन घटना एकमेकींपासून वेगळ्या काढून वाचता येत नाहीत. अठराव्या शतकातील सरदार घराण्यांत अनेक विवाह, नाटकशाळा, कलावंतिणी यांचे अस्तित्व नित्याचे होते. पुरुषाने दुसऱ्या स्त्रीवर प्रेम करणे हा त्या समाजाच्या दृष्टीने प्रवादाचा विषयच नव्हता. प्रवाद होता तो पंक्तिव्यवहाराचा, संस्काराच्या अधिकाराचा आणि वारशाचा. १७३४ मध्ये रघुनाथरावांचा जन्म झाला आणि त्याच वर्षी मस्तानीच्या पोटी समशेरबहादूरचा. एका मुलाची मुंज होते, दुसऱ्याची होऊ शकत नाही. या फरकाचे रक्षण करणे हा खरा तिढा होता.

हे ध्यानात घेतले म्हणजे पत्रव्यवहारातील पात्रयोजनेकडे लक्ष जाते. कैदेचा निर्णय घेणारे, तिची अंमलबजावणी करणारे आणि परिणामांची चिंता वाहणारे पुरुष आहेत : चिमाजीअप्पा आणि नानासाहेब. छत्रपती शाहूंचा कल या कैदेच्या विरुद्ध होता, असे साताऱ्याहून चिटणिसांनी कळविलेल्या मजकुरावरून दिसते. म्हणजे मतभेदही पुरुषांमध्येच आहे. या व्यवहारात काशीबाई मस्तानीची प्रतिस्पर्धी म्हणून कोठेही उभी राहत नाही. तिचे दर्शन घडते ते निराळ्या ठिकाणी : बाजीरावांच्या अखेरच्या दिवसांत धाकट्या जनार्दनाला घेऊन ती रावेरखेडीला पोहोचते. साधनांतील आकृती त्रिकोणाची नाही. ती एका कुटुंबसंस्थेची आहे, आणि तिच्या उंबरठ्यावर एक स्त्री अडविलेली आहे.

३

हेडन व्हाइट यांनी ‘मेटाहिस्टरी’ (१९७३) या ग्रंथात इतिहासलेखनातील कथानकीकरणाची चर्चा केली आहे. घटनांना अर्थ येतो तो त्यांना शोकात्मिका, अद्भुतिका यांसारखे परिचित रूप दिल्यामुळे, हे त्यांचे प्रतिपादन येथे उपयुक्त ठरते. मात्र त्यात एक भर घालावी लागेल. रूप केवळ अर्थ देत नाही; ते जबाबदारीचे वाटपही करते. कुटुंबसंस्थेची कथा सांगितली तर कैद हे एका व्यवस्थेचे कृत्य ठरते. त्रिकोणाची कथा सांगितली तर तीच कैद प्रेमाच्या मार्गातील अडथळा ठरते, आणि अडथळ्याला कोणी जाब विचारत नाही. तो प्रेमाची उंची वाढविण्यासाठीच असतो.

हे रूपांतर मराठीत ज्या वाङ्मयप्रकाराने घडविले तो म्हणजे १९६० नंतरची ऐतिहासिक कादंबरी. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ने (१९६२) जो वळसा दिला त्यात पेशवाईचे राजकारण पतिपत्नीच्या भावजीवनातून अनुभवण्याची सवय वाचकांना लागली. महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर वाचू लागलेल्या मध्यमवर्गाला इतिहास आपल्या घरासारखा हवा होता, आणि त्याचे घर एकपत्नीव्रती, भावनाप्रधान असे होते. या घराच्या मापाने अठराव्या शतकातील वाडा मोजला गेला, तेव्हा पंक्तिव्यवहाराचा तिढा पुसट झाला आणि दांपत्यातील तिसऱ्या व्यक्तीचा प्रश्न ठळक झाला.

ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’ (१९७२) ही या परंपरेतील महत्त्वाची कादंबरी आहे. ‘झेप’, ‘झुंज’, ‘मंत्रावेगळा’ यांसारख्या कादंबऱ्यांतून इनामदारांनी उपेक्षित अथवा बदनाम व्यक्तींची बाजू मांडण्याचे व्रत घेतले होते, आणि मस्तानीविषयीची सहानुभूती हा ‘राऊ’चा मोठाच गुण आहे. लोकप्रवादातील ‘कंचनी’ला त्यांनी माणूस केले. तरीही शीर्षकाकडे लक्ष द्यावे. ‘राऊ’ हे घरातील माणसांनी बाजीरावांना प्रेमाने उच्चारायचे नाव आहे. ज्या घराचे दार मस्तानीला बंद होते, त्याच घराच्या भाषेतून वाचक या कथेत प्रवेश करतो. कथेचे दुःख हे प्रथमतः ‘राऊं’चे दुःख होते, कैदेत असलेली स्त्री त्या दुःखाचे कारण म्हणून समोर येते.

भन्साळींचा चित्रपट ‘राऊ’चा आधार घेतो आणि एक पाऊल पुढे जातो. त्याच्या शीर्षकात दोन नावे आहेत, तिसरे गाळलेले आहे. परंतु पटकथेत तिसऱ्या कोनाला पूर्ण वजन दिलेले आहे. काशीबाई येथे केवळ सोशिक पत्नी राहत नाही. तिचा मत्सर, तिचा अभिमान, तिची क्षमा हा चित्रपटाचा एक स्वतंत्र भावप्रवाह होतो. ‘पिंगा’ची योजना या दृष्टीने अपरिहार्य आहे. त्रिकोण पूर्ण व्हायचा तर दोन स्त्रियांना एका चौकटीत, समोरासमोर, यावेच लागते. ऐतिहासिक अचूकतेच्या नावाने ज्यांनी या गाण्याला विरोध केला त्यांनी त्रिकोणाला विरोध केला नाही; त्या आकृतीने जे दृश्य अटळ केले होते तेवढ्यालाच केला. शेवटी दोन प्रेमिकांचे मृत्यू दिग्दर्शक एकमेकांत गुंफून दाखवितो. कैदखाना आणि नदीकाठ संकलनाने जोडले जातात, आणि कैदेचे रूपांतर मीलनात होते. औरंगाबादच्या परिसरातील ती दीर्घ मोहीम चित्रपटात एका विद्ध प्रेमिकाच्या तडफडीचे रूप घेते. तहाचा, परगण्यांचा, सैन्याच्या खर्चाचा इतिहास तेथे उरत नाही.

४

येथे चित्रपटाच्याच इतिहासातील एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. ‘बाजीराव मस्तानी’ या नावाचा मूकपट १९२५ मध्ये भालजी पेंढारकर आणि नानूभाई देसाई यांनी केला होता. त्याच वर्षी होमी मास्टर यांचा ‘कुलीन कांता’ हा मूकपट आला. तो मुंबईतील बावला खून प्रकरणावर बेतलेला होता. १२ जानेवारी १९२५ रोजी मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा मोटारीत खून झाला. हल्लेखोर इंदूर संस्थानाशी संबंधित होते आणि त्यांचा हेतू बावलाबरोबर असलेल्या मुमताज बेगमला पळवून नेण्याचा होता. ती पूर्वी इंदूरच्या तुकोजीराव होळकरांच्या आश्रयास होती आणि तेथून निसटली होती. खटला मुंबई उच्च न्यायालयात चालला, आरोपींना फाशीपर्यंतच्या शिक्षा झाल्या, आणि चौकशीला सामोरे जाण्याऐवजी तुकोजीरावांनी १९२६ मध्ये गादी सोडली.

एका मराठी राजघराण्याचा जुना प्रवाद आणि दुसऱ्याचा ताजा प्रवाद एकाच वर्षी पडद्यावर यावेत, यातून त्या काळच्या प्रेक्षकाची भूक समजते. पण दोन प्रकरणांतील भेद अधिक बोलका आहे. मुमताज बेगमने न्यायालयात साक्ष दिली. आपल्याला इच्छेविरुद्ध ठेवून घेतले जात होते, हे तिने स्वतःच्या तोंडाने सांगितले आणि ते नोंदले गेले. म्हणून वृत्तपत्रांनी कितीही रंग भरले तरी बावला प्रकरण निव्वळ प्रेमत्रिकोण म्हणून सांगता येत नाही. तिची साक्ष त्या आकृतीला छेद देते. मस्तानीची साक्ष नाही. तिच्या शब्दाची एक ओळही आपल्यापर्यंत आलेली नाही. तिच्याविषयी जे विश्वसनीय आहे ते तिला कैद करणाऱ्यांच्या लेखणीतून आलेले आहे.

रणजित गुहा यांनी ‘चंद्राज डेथ’ (१९८७) या निबंधात एकोणिसाव्या शतकातील बंगालमधील एका बागदी स्त्रीच्या मृत्यूविषयीचे न्यायालयीन जबाब वाचले आहेत. गुन्हा सिद्ध करण्यासाठी नोंदलेल्या त्या तुकड्यांतून त्यांनी एका समाजातील स्त्रियांचे परस्परसाहाय्य आणि पुरुषांची धमकी वाचून दाखविली. असे वाचन मस्तानीबाबतही शक्य आहे, पण त्याची पूर्वअट अशी की मौनाच्या जागी आपण प्रेमगीत भरू नये. मराठी कादंबरीने आणि हिंदी चित्रपटाने मस्तानीला आवाज दिला असे म्हटले जाते. दिला तो आवाज प्रेमिकेचा होता; कैद्याचा नव्हे.

५

याचा अर्थ ऐतिहासिक कथात्म साहित्याने दप्तराबाहेर पाऊल टाकू नये असा नाही. पदव्युत्तर वर्गात ‘राऊ’ शिकविताना कादंबरी आणि इतिहास यांतील तपशिलांच्या तफावती मोजण्याची एक सोपी रीत पडून गेली आहे. ती फारशी फलदायी नाही. तपशील जुळूनही आकृती चुकू शकते, आणि तपशील कल्पित असूनही एखादी कलाकृती व्यवस्थेचे स्वरूप अचूक पकडू शकते. प्रश्न असा विचारावयास हवा : ही कलाकृती जबाबदारी कोठे ठेवते?

या प्रश्नाच्या प्रकाशात एक पत्र पुन्हा वाचावेसे वाटते. मार्च १७४० च्या प्रारंभी, गोदावरीकाठी बाजीरावांचा निरोप घेऊन परतलेले चिमाजीअप्पा नानासाहेबांना लिहितात. रावांच्या मनाची अवस्था पाहून ते व्यथित आहेत, आपण समजूत घालण्याचा प्रयत्न केला असे सांगतात, आणि पुण्यास पोहोचल्यावर मस्तानीला त्यांच्याकडे पाठवून द्यावे असा विचार व्यक्त करतात. कैदेमागे असलेला माणूस येथे कैदेचा फेरविचार करीत आहे. त्रिकोणाच्या कथेत या पत्राला जागा नाही, कारण त्यात ना मत्सर आहे, ना प्रेम. कुटुंबाचा लौकिक सांभाळताना आपण काय केले याची चाहूल आहे.

तो विचार अमलात आला नाही. सुमारे सात आठवड्यांनी, २८ एप्रिल १७४० रोजी, मुंगी-पैठणच्या तहात मिळालेल्या खरगोण परगण्यातच, नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीरावांचे निधन झाले. त्यानंतर लवकरच मस्तानीही गेली. तिची कबर पाबळला आहे. समशेरबहादूर पेशव्यांच्याच कुटुंबात वाढला आणि १७६१ मध्ये पानिपतच्या लढाईतील जखमांनी मरण पावला. ज्या मुलाला मुंजीचा अधिकार नव्हता, त्याला रणांगणावर मरण्याचा अधिकार त्या घराने दिला. या वाक्यातील विसंगती पेलू शकेल अशी कादंबरी मराठीत अद्याप लिहिली जावयाची आहे, आणि ती लिहिली जाईल तेव्हा तिची आकृती त्रिकोणाची असणार नाही.