नर सापडला, मादी निसटली : फळमाशीच्या गंधशोधाची शंभर वर्षे

पिकत आलेल्या आंब्याचा सुगंध माणसाप्रमाणे फळमाशीलाही खुणावतो. मादी सालीखाली अंडी घालते, अळ्या गर पोखरतात आणि वरून निर्दोष दिसणारे फळ आतून नासते. ही माशी गंधाने नेमकी कशी ओढली जाते, या शोधाचे दोन महत्त्वाचे टप्पे भारतात घडले.

पहिला टप्पा बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेतला. डासांना पळवून लावणाऱ्या सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्या मात्र झेपावतात, असे कीटकशास्त्रज्ञ एफ. एम. हॉवलेट यांनी १९१२ साली नोंदवले. विशेष म्हणजे येणाऱ्या माश्या नर होत्या. १९१५ मध्ये त्यांनी मिथाइल युजेनॉल या रसायनाची प्रबळ ओढ दाखवून दिली. हे रसायन अनेक वनस्पतींत असते. नर ते खातो आणि त्यापासून मादीला रिझवणारा गंध घडवतो, हे पुढे उलगडले.

१९६०च्या दशकात पॅसिफिकमधील रोटा बेटावर मिथाइल युजेनॉल आणि कीटकनाशकात भिजवलेले तुकडे विमानातून टाकून या माशीचे उच्चाटन करण्यात आले. आज आपल्या आंबाबागांत टांगलेले सापळे याच शोधाचे वारस आहेत.

मात्र फळ नासवते ती मादी, आणि या सापळ्यात अडकतो तो नर. एक नर अनेक माद्यांशी मीलन करू शकत असल्याने थोडे नर उरले तरी वंश चालू राहतो. शेजारच्या बागेतून मीलन झालेली मादी आली, तर तिला हा सापळा रोखत नाही. प्रथिनयुक्त आमिषे मादीला ओढतात, पण त्यांचा प्रभाव मिथाइल युजेनॉलच्या तोडीचा नसतो. २०१४ मध्ये, आयात मालात फळमाश्या आढळल्याने, युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर काही काळ बंदी घातली.

त्याच वर्षी दुसरा टप्पा प्रकाशात आला. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी ब्रिटिश सहकाऱ्यांसह आंब्याच्या गंधातील घटक मादीवर तपासले. गॅमा-ऑक्टालॅक्टोन हा घटक तिला अंडी घालण्यास प्रवृत्त करतो. तो वगळलेल्या गंधमिश्रणाला मात्र तिचा प्रतिसाद क्षीण होता. वेगवेगळ्या परिस्थितीत वाढलेल्या अननुभवी माद्यांचा प्रतिसादही सारखाच होता. म्हणजे ही ओळख शिकलेली नसून उपजत आहे.

पुशाच्या शोधाने नराची वाट दाखवली, बंगळुरूच्या शोधाने मादीची. पहिलीवरून बागेत सापळे पोहोचले. दुसरीवरून मादीला फळापासून दूर नेणारे आमिष घडवणे, हे आजच्या संशोधकांपुढचे काम आहे.