नकाशावरची रेघ

मंडळी, आम्हा कवींना संमेलन म्हटलं की मांडव, सतरंज्या, माइकची खरखर आणि अध्यक्षपदाचा वाद आठवतो. आज मी ज्या संमेलनाबद्दल बोलणार आहे, तिथे कविता नसतात, आकडे असतात. आकड्यांची चित्रं काढणाऱ्या संशोधकांचं हे वार्षिक संमेलन. नाव ‘आयईईई व्हिस’. मी साधा बी.ए.; गणिताशी माझं शाळेतच बिनसलं. तरीही या मंडळींचा इतिहास मी का वाचत बसलो, ते शेवटी सांगतो.

आकड्यांचं चित्र काढायची युक्ती तशी जुनी. १७८६ साली विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आकडे रेघांच्या चढउतारात मांडले. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी केली आणि नंतर एक नकाशा छापला. त्यात प्रत्येक मृत्यूसाठी त्या घरापाशी एक छोटी काळी रेघ मारली होती. रेघांची दाटी ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाभोवती झाली. कॉलरा दूषित हवेतून पसरतो, असं तेव्हाचे बहुतेक जाणकार मानत. नकाशा बोट दाखवत होता पाण्याकडे. पुढे १८५८ मध्ये फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियाच्या युद्धातल्या सैनिकांच्या मृत्यूंची आकृती काढली. त्यात निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांचा होता. शत्रूने दिलेल्या जखमांपेक्षा घाणीने आणि रोगांनीच कितीतरी जास्त सैनिक नेले होते, हे त्या निळ्या रंगाने सरकारच्या डोळ्यांसमोर आणलं.

तोवर एक माणूस, एक कागद, एक चित्र असा मामला होता. संगणक आला आणि आकड्यांचा पूर आला. उपग्रह, दवाखान्यातली स्कॅनिंगची यंत्रं, महासंगणक यांतून इतके आकडे बाहेर पडू लागले की ते बघायला माणसाचे डोळे पुरेनात. १९८७ साली अमेरिकेत तज्ज्ञांच्या एका गटाने अहवाल देऊन सांगितलं की, आकडे दाखवणं हीच आता एक स्वतंत्र विद्या मानली पाहिजे. त्यानंतर तीन वर्षांनी, १९९० मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोला पहिलं संमेलन भरलं. सुरुवातीला विषय होते शरीराची चित्रं, हवेचे प्रवाह, असे शास्त्रातले. १९९५ पासून व्यापार, लोकसंख्या अशा व्यवहारातल्या माहितीसाठी जोडीला वेगळी बैठक सुरू झाली. २००६ मध्ये तिसरी भावकी आली. ढीगभर माहितीतून निर्णय घेणाऱ्यांना मदत करणारी. २०१४ मध्ये पॅरिसला हे संमेलन पहिल्यांदा अमेरिकेबाहेर गेलं. २०२१ मध्ये तिन्ही भावक्या एका चुलीवर आल्या.

तुम्ही म्हणाल, चित्रं काढायची, त्यात एवढी चर्चा कसली? चर्चा असते ती बघणाऱ्याच्या डोळ्यांची. क्लीव्हलँड आणि मॅक्गिल या दोन संशोधकांनी १९८४ मध्ये प्रयोग करून दाखवलं की, एकाच पट्टीवर शेजारी मांडलेल्या गोष्टींची तुलना माणूस अचूक करतो. कोन आणि क्षेत्रफळ ओळखताना मात्र चुकतो. म्हणजे भाकरीच्या तुकड्यांसारख्या गोल आकृतीत कुणाचा वाटा मोठा, यावर दोघांचं दोन मतं पडू शकतात. इंद्रधनुष्याचे सगळे रंग वापरले, तर मधला पिवळा पट्टा उगाच डोळ्यांत भरतो आणि आकड्यांत नसलेली सीमा दिसू लागते. आकडा खरा, चित्रही खरं, आणि तरी बघणारा फसला, असं होऊ शकतं.

याचा दाखला २०२४ मध्ये संमेलनाच्या दारातच आला. त्या वर्षी ते १३ ऑक्टोबरपासून फ्लोरिडातल्या टॅम्पाशेजारच्या सेंट पीट बीचवर भरणार होतं. सप्टेंबरच्या अखेरीस हेलीन चक्रीवादळ आलं. ९ ऑक्टोबरच्या रात्री मिल्टन. संमेलन शेवटी संगणकाच्या पडद्यांवरच भरलं.

अशा वादळांचा तिकडचा नकाशा तुम्ही पाहिला असेल. पुढे पुढे रुंद होत जाणारा पांढरा शंकू. वादळाचं केंद्र साधारण तीनपैकी दोन वेळा या शंकूच्या आत राहतं, एवढंच तो सांगतो. लोक मात्र समजतात, वादळच मोठं होत चाललंय. शंकूबाहेरचे निर्धास्त राहतात. मधली रेघ दाखवली, तर सगळे रेघेकडेच बघतात. २००४ मध्ये चार्ली वादळाची रेघ टॅम्पाकडे होती. ते दक्षिणेला पुंटा गोर्डाकडे वळलं. ती जागा शंकूत होती, तरी अनेकजण बेसावध राहिले. मग संशोधकांनी शंकूऐवजी पुष्कळ रेघा काढून पाहिल्या. वादळ मोठं होतंय हा गैरसमज कमी झाला. पण एखादी रेघ नेमकी आपल्या गावावरून गेली की माणूस उगाच जास्त घाबरतो, असं आढळलं. भांडण अजून मिटलेलं नाही, आणि मिटू नये असंच मला वाटतं.

आता माझी गोष्ट. माझी थोरली बहीण श्रीवर्धन तालुक्यात राहते. २ जून २०२०. टाळेबंदी होती, मी पुण्यात. निसर्ग चक्रीवादळ हरिहरेश्वर ते दमण या किनाऱ्यावर, अलिबागजवळ येईल, असं हवामान खात्याने सांगितलं होतं. आपाचं गाव त्या पट्ट्यात होतं. तिचा फोन आला, “रेघ अलिबागला दाखवतायत रे. आपल्याला काय होणार?” मी टीव्हीवरचा नकाशा बघितला आणि शहाण्यासारखं म्हणालो, “हो आपा, रेघ बरीच वर आहे. घरातच राहा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी वादळ आलं. कौलं पानांसारखी उडाली. अब्बांनी लावलेली सुपारीची वाडी आडवी झाली. आपा आणि मुलं मागच्या पक्क्या खोलीत दार धरून बसली, म्हणून वाचली. हे मला कळलं चार दिवसांनी. तोवर फोन बंद होते आणि माझ्या कानात माझंच वाक्य वाजत होतं.

खात्याने पट्टा सांगितला होता. मी रेघ वाचली. त्या चार दिवसांनंतर मी आकड्यांच्या चित्रांवर मिळेल ते वाचू लागलो. माझ्यासारखा माणूस रेघच वाचणार, हे आधीच ओळखून त्याच्यासाठी नकाशा कसा काढावा, याची काळजी करणारे लोक जगात आहेत आणि ते दरवर्षी एकत्र बसतात, हे मला तेव्हा समजलं.

घरावर आता पत्रे आहेत. सुपारीची नवी रोपं लावलीत. वादळाची बातमी आली की आपाचा फोन येतोच. ती आता रेघ कुठे आहे, असं विचारत नाही. विचारते, “पट्टा कुठवर आहे रे?”

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)