प्रतिरोपण-सहनशीलता
परका अवयव औषधांविना कायम स्वीकारण्याची शरीराची अवस्था. प्रतिरक्षा दडपणाऱ्या औषधांनी अवयव टिकतो. पण संसर्ग व कर्करोग यांचा धोका वाढतो. भ्रूणावस्थेत परक्या कोशिका टोचलेले उंदीर पुढे त्या कोशिकांच्या दात्याच्या वाणाची त्वचा स्वीकारतात, असे पीटर मेडावर व सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दाखविले. हेच तत्त्व पुढे मानवात वापरण्यात आले. अहमदाबाद येथे ह. ल. त्रिवेदी (१९३२–२०१९) यांनी मूत्रपिंडदात्याच्याच अस्थिमज्जेतील व चरबीतील मूल कोशिका रुग्णास देऊन औषधांची मात्रा घटविण्याचे प्रयत्न केले. बॉस्टन येथे मूत्रपिंडाबरोबर दात्याची अस्थिमज्जाही दिलेल्या पाचांपैकी चार रुग्णांची औषधे थांबविता आली, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि यासाठीची पूर्वतयारी रुग्णास कष्टप्रद असते व लाभलेली सहनशीलता नेहमीच टिकत नाही.